मिसिंग मारणारी मशीन आणि तीन काळे चष्मे

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला बोटीतून कसं न्यायचं, हे मला माझ्या बायकोने भामरागडच्या घाटावर उभं राहून समजावून सांगितलं. धक्का बसता कामा नये. डोळ्यात पाणी जाता कामा नये. धूर, धूळ, वारा काही लागता कामा नये. पेशंटने वाकायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही.

मी म्हटलं, "मंग बोटीनं नेऊच नका."

ती म्हणाली, "चालक, तुमी फक्त मशीनकडे पाहा."

ड्युटीवर ती मला चालक म्हणते आणि मी तिला सिस्टर म्हणतो. असं करा म्हणून कोणी सांगितलेलं नाही, पण लोकांसमोर तेच बरं दिसतं. ती आरोग्य खात्यात नर्स आहे आणि मी त्याच खात्याच्या बोटीवर कंत्राटी आहे. ती चिमूरची, मी पोंभुर्ण्याकडचा. तिकडे मी शेतातल्या डिझेल पंपांची दुरुस्ती करायचो. तिची बदली या टोकाला झाली तेव्हा मी पान्यांची पेटी उचलून मागोमाग आलो. पावसाळ्यात इथले नाले रस्ते तोडतात आणि नदीकाठची गावं महिनोन्‌महिने बेटं होऊन बसतात. म्हणून दवाखान्याला एक फायबरची बोट मिळाली आणि तिच्या मागे टांगायला पेट्रोलची मशीन. मग मशीन समजणारा माणूस शोधू लागले. मशीन मला समजत होती. पोहता येतं का, हे कोणी विचारलं नाही आणि मीही तो विषय काढला नाही.

ही दिवाळीनंतरची गोष्ट. पूर ओसरला होता, पण रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, वाहून गेलेला तसाच होता. डोळ्यांच्या शिबिरातून तीन म्हातारे पेशंट परत आले होते आणि त्यांना नदीच्या वरच्या अंगाला त्यांच्या गावी सोडायचं होतं. त्यात एक नवरा-बायको होते, आजी आणि आजोबा, दोघांचाही एकेक डोळा झालेला. तिसरा एक बोलका म्हातारा होता. बायको कधीच वारलेली आणि बोलायला घरी कोणी नाही, म्हणून तो सगळीकडे बोलायचा. तिघेही माडिया. मराठी समजायची, पण आपसात माडियातच बोलायचे. मला त्यातलं जेमतेम कळतं, सिस्टरला चांगलं कळतं. शिबिरात तिघांनाही मोठे काळे चष्मे दिले होते, कडेनेसुद्धा उजेड शिरणार नाही असे. एका फळीवर रांगेने बसले तेव्हा ते कुठल्या तरी मोठ्या खात्याकडून चौकशीला आल्यासारखे दिसत होते.

दोरीच्या दुसऱ्याच ओढीला मशीन सुरू झाली. भामरागडजवळचा नद्यांचा संगम ओलांडून आम्ही पामुलगौतम नदीच्या पात्रात वर चढायला लागलो. पहिल्या वळणापर्यंत ती लोण्यासारखी चालली, आणि मग तिचा सूर बदलला. चार ठोके नीट, एक गायब. मग दोन नीट, दोन गायब. याला आमच्याकडे मिसिंग मारणं म्हणतात. दर गायब ठोक्याला बोट हिसका द्यायची आणि तिन्ही काळे चष्मे एकदम पुढे जाऊन एकदम मागे यायचे.

"चालक, धक्का," सिस्टर म्हणाली.

"मी नाई देऊन राह्यलो. मशीन देऊन राह्यली."

"मंग मशीनले सांगा."

मी काही सांगण्याआधीच मशीन बंद पडली.

आमच्या बोटीत पेट्रोलची टाकी तळाशी ठेवलेली असते. तिथून एक नळी मशीनकडे जाते आणि नळीच्या मध्ये रबराचा एक फुगा असतो. मशीन सुरू करण्याआधी तो हाताने दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. मी फुगा पाहिला तर तो सुकलेल्या चिंचेसारखा चपटा झालेला. दाबायला काही उरलंच नव्हतं आणि सोडला तरी फुगत नव्हता. म्हणजे मशीन पेट्रोल ओढत होती, पण टाकी द्यायला तयार नव्हती. टाकीचं झाकण सैल केलं तर फुस्स आवाज करून हवा आत शिरली आणि फुगा माझ्या डोळ्यांदेखत गोल झाला. झाकणावर हवेचा एक छोटा स्क्रू असतो. टाकी नेता-आणताना तो बंद ठेवतात, मशीन चालवताना उघडतात. तो बंद होता.

स्क्रू उघडला. मशीन पुन्हा सुरू झाली.

"का झालं होतं?" सिस्टरने विचारलं.

"टाकीले हवा भेटत नव्हती. स्क्रू बंद होता."

"कोनं बंद केला?"

"सेफ्टीसाठी बंद ठेवा लागते."

"झाली का सेफ्टी?"

बोलका म्हातारा माडियात काहीतरी म्हणाला आणि आजोबांनी मान डोलावली. मी सिस्टरकडे पाहिलं. ती म्हणाली, "ते म्हणतात, डोंग्याले टाकी नसते."

 लाकूड कोरून केलेल्या डोंग्याला खरंच टाकी नसते. मी पुढे पाहत बोट चालवली. बिघाड सापडला, दुरुस्त झाला, असं मला मनापासून वाटत होतं. मेकॅनिकला एक कारण सापडलं की तो दुसरं शोधत नाही. पंपांच्या बाबतीतही माझं हेच व्हायचं.

दुसऱ्या वळणावर मशीन पुन्हा मिसिंग मारायला लागली. या वेळी फुगा गोल आणि टणक होता, स्क्रू उघडा होता, तरी ती खाकरायची, एकदम जोर धरायची, पुन्हा ढेपाळायची. मग बंद. दोरी ओढली की चालू, पुन्हा बंद. हिसके आधीपेक्षा मोठे होते. आजीने दोन्ही हातांनी चष्मा धरून ठेवला. आजोबांनी आजीला धरलं. बोलक्या म्हाताऱ्याने कोणालाच धरलं नाही. तो काठावरच्या झाडांची नावं घेत होता. त्याला आता झाडं वेगवेगळी दिसत होती आणि ते तो सगळ्यांना कळवत होता.

मी प्लग काढला, इंजिनाला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी निळी, कडक. म्हणजे करंट होता, बिघाड पेट्रोलच्याच वाटेवर होता. प्लग तळहातावर झटकला तर दोन बारीक थेंब पडले. पेट्रोल हातावर पडलं तर थंड लागतं आणि उडून जातं. हे थेंब तिथेच बसून राहिले.

हे सगळं करताना एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली नव्हती. मशीन थांबली म्हणून नदी थांबत नाही. आम्ही उलटे, संगमाकडे वाहत चाललो होतो. संगमाच्या अलीकडे पात्रात दगडांचा एक पट्टा आहे. पूर असला की तो बुडालेला असतो आणि उन्हाळ्यात उघडा. या दिवसांत तो अर्धा वर, अर्धा खाली असतो. येताना मशीन चालू होती म्हणून आम्ही तो कडेने चुकवला होता. असा असला की तिथून पाण्याचा आवाज येतो. तो आवाज यायला लागला होता.

"सिस्टर, वल्हं घ्या," मी म्हटलं.

तिने वल्हं घेतलं, मी लांब बांबू घेतला. तिलाही पोहता येत नाही. तिच्या मानेवरची ताणलेली शीर मला दिसत होती, आणि माझे हात असे घामेजले होते की बांबू घसरत होता. बांबू तळाला लागेना. मी आणखी वाकलो, बोट कलली, आणि मागून बोलका म्हातारा मराठीत म्हणाला, "डावीकडं रेती हाय. मले दिसते."

मी पाहिलं तर नुसतं चमकणारं पाणी. पण त्याच्या काळ्या काचेला चमक लागत नव्हती आणि डोळा कोरा करकरीत होता. आम्ही डावीकडे रेटलं. बांबू तळाला लागला, बोट रेतीत घुसून थांबली. शेवटचा धक्का सगळ्यात मोठा बसला. त्याबद्दल मात्र सिस्टर काहीच म्हणाली नाही. तिने वल्हं खाली ठेवलं आणि एकेकाचा चष्मा तपासला.

नदीच्या मधोमध ते रेतीचं एक लहानसं बेट होतं. आम्ही पेशंटना खाली उतरवलं. वाकायचं नाही म्हणून तिघेही बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे ताठ मानेने, एकेक पाऊल टाकत उतरले. ताडपत्री अंथरली. सिस्टरने छत्री उघडून आजीच्या हातात दिली. तिघे रांगेने बसले, तोंडं माझ्याकडे. मी मशीनचं झाकण उघडलं. बोलक्या म्हाताऱ्याने बिडी काढली.

सिस्टरने ती त्याच्या तोंडातून काढून घेतली. "धूर डोळ्यात जाते."

"अन् इथी पेट्रोल आहे," मी म्हटलं.

एका बिडीसाठी दोन कारणं म्हाताऱ्याला जास्त वाटली असावीत. त्याने बंडल परत कनवटीला खोचलं.

तेवढ्यात आजीने मान वळवून आजोबांकडे पाहिलं. शिबिरात बायका आणि बाप्ये वेगवेगळ्या खोल्यांत होते, येताना गाडीत अंधार होता. उजेडात, जवळ बसून, बऱ्याच वर्षांनी ती त्यांना पाहत होती. तिने चष्मा नाकावर थोडा खाली ओढला.

"चष्मा काढू नको, आजी," सिस्टर म्हणाली.

आजीने चष्मा वर केला, पण नजर हलवली नाही. मग माडियात काहीतरी म्हणाली. सिस्टर हसली आणि हसू दाबून तिने आपली पेटी आवरायला घेतली.

"का म्हणाली?" मी विचारलं.

"तुमी मशीन पाहा."

"पाहून राह्यलो. का म्हणाली?"

"म्हणाली, हा मानूस इतका बुढा कवा झाला? मले कोनं सांगतलं नाई."

आजोबा नदीकडे पाहत बसले होते. मला वाटलं त्यांनी ऐकलंच नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी उत्तर दिलं, आणि सिस्टरने ते न विचारताच मला सांगितलं. "ते म्हणतात, मी एकदम नाई झालो. रोज थोडा थोडा झालो."

आजीने छत्री सरकवून त्यांच्या डोक्यावर धरली. छत्री लहान होती, त्यामुळे तिचा एक खांदा उन्हात राहिला.

मी कार्बोरेटरकडे वळलो. त्याच्या खाली एक वाटी असते. मशीनला लागणारं पेट्रोल आधी तिच्यात साठतं. वाटीचा स्क्रू उघडला की साठलेलं सगळं खाली येतं. ते कशात तरी धरायला हवं होतं आणि आरपार दिसायला हवं होतं.

"सिस्टर, सलाईनची खाली बाटली आहे का?"

तिने दिली. मी वाटीतलं आणि नळीतलं सगळं तिच्यात सोडलं, बाटली रेतीत उभी केली आणि आम्ही पाचही जण तिच्याकडे बघत बसलो. आतलं गढूळ हळूहळू निवळलं आणि मधोमध एक रेघ तयार झाली. वर पेट्रोल, खाली दुसरंच काही. आजीने बोट दाखवलं.

"येर," ती म्हणाली.

एवढं माडिया मलाही येत होतं. येर म्हणजे पाणी.

आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. त्याला पाणी भेटलं की ते पेट्रोलला सोडतं आणि पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतं. टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. हे सगळं कळलं, पण पाणी आलं कुठून ते कळेना. टाकी दवाखान्यात छपराखाली असते, झाकण घट्ट असतं. मी बाटली उचलून हलवली. खालच्या पाण्यावर बारीक फेस आला.

पाण्याला फेस येत नाही.

मी सिस्टरकडे पाहिलं. ती बाटलीकडे पाहत होती.

"टाकी मी धुतली," ती म्हणाली.

"कवा?"

"तुमी प्लग आनाले चंद्रपूरले गेलते तवा. तपासनी होती. लसीच्या फ्रीजजवळ ते काळं, तेलकट ठेवलेलं. साहेब का म्हनले असते?"

"पान्यानं धुतली?"

"मंग कायनं धुतात?"

"पावडर टाकून?"

"थोडीशीच." मग थोडं थांबून, "उपडी ठेवली होती ना पन. उन्हात. वरून पुरी सुकली होती."

 स्क्रू माझ्या नावावर होता, पावडर तिच्या. दोन्ही बिघाड एकाच दिवशी निघाले हे संसाराच्या दृष्टीने बरंच झालं. एकेकटे निघाले असते तर प्रत्येकावर वेगळं भांडण झालं असतं.

"आता का करा लागते?" तिने विचारलं.

"वरचं पेट्रोल चांगलं आहे. पन टाकी खराब, नळी खराब, फुग्यात साबन. साफ भांडं पायजे अन् साफ नळी पायजे. इथी कुठून आनाव?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने आपल्या पेटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पेटीत सलाईनच्या बऱ्याच रिकाम्या बाटल्या होत्या आणि सलाईन लावायच्या नळ्या होत्या.

आधी मी जेट काढला. कार्बोरेटरमध्ये पितळेचा हा एक बारीक तुकडा असतो. केसाएवढ्या भोकातून तो पेट्रोल सोडतो. भोकात पांढरं काहीतरी बसलं होतं. तार घालायची नसते, भोक मोठं होतं. सिस्टरने सिरिंज दिली. मी पेट्रोल भरून जोराने दोनतीनदा मारलं, आणि जेट आभाळाकडे धरला तर आत उजेडाचा ठिपका दिसला. बोलक्या म्हाताऱ्याने तो मागून घेतला, नव्या डोळ्याने पाहिला, मग जुन्याने पाहिला आणि फरक दोघांना समजावून सांगितला. परत मिळायला वेळ लागला.

मग टाकी न हलवता, वरवरचं पेट्रोल मोठ्या सिरिंजने काढून आम्ही रिकाम्या, कोरड्या बाटल्यांत भरलं. हे फार सावकाश होणारं काम आहे. जाड नळी ब्लेडने कापली, मशीनला जोडलेला तिचा तुकडा तसाच ठेवला, सलाईनची नळी त्यात खुपसली आणि वरून चिकटपट्टी आवळून गुंडाळली. बोटीच्या मागच्या टोकाला बांबू बांधला, बांबूला बाटली उलटी टांगली. मी म्हणायच्या आधीच सिस्टरने एक सुई काढली आणि बाटलीच्या वर आलेल्या बुडात टोचली.

"हे काऊन?" मी विचारलं.

"हवा," ती म्हणाली. "नाई तर सलाईन चालत नाई."

मी मान खाली घालून दोरी हातात घेतली.

पहिल्या ओढीला मशीन खोकली. दुसऱ्या ओढीला खोकली. तिसऱ्या ओढीला थोडा साबणाचा वास असलेला धूर सोडून चालू झाली आणि चालत राहिली. एकही ठोका गायब नाही. पेशंट ताठ मानेने बोटीत चढले. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. दवाखान्यात जो अशक्त होतो त्याला सलाईन लावतात, हे त्यांनी पाहिलेलंच होतं.

सलाईनच्या नळीवर एक चाक असतं. ते फिरवलं की धार कमी-जास्त होते. म्हणजे मशीन मी चालवत होतो, पण वेग सिस्टरच्या अंगठ्यात होता. ती बांबूशेजारी बसून थेंबांकडे पाहत होती, वॉर्डात पाहते तशीच.

"वाढवू का?"

"हळू हळू. पेशंट बुढा आहे."

"मले शिकवू नका," ती म्हणाली आणि धार थोडी वाढवली. बाटली संपत आली की मशीनचा सूर बदलायच्या आत ती दुसरी लावायची. एवढी काळजी त्या मशीनची मी कधी घेतली नव्हती.

दगडांचा आवाज मागे पडला. ऊन कलायला लागलं होतं आणि पेशंटच्या डोळ्यात ड्रॉप टाकायची वेळ झाली, तेव्हा सिस्टरने एका हाताने बाटली बदलली आणि दुसऱ्या हाताने आजोबांचा चष्मा वर केला. मी बोट इतकी सावकाश घेतली की काठावरचा एक बगळा उडालासुद्धा नाही.

गावच्या काठावर माणसं जमली होती. दुपारपासून वाट पाहत होती. त्यांना मशीन सलाईनवर दिसली, तीन काळे चष्मे दिसले आणि कोणाला आधी धरावं ते कळेना. आजीने कोणाचा हात घेतला नाही. ती ताठ उतरली, चार पावलं गेली आणि थांबून वर चढावावरच्या आपल्या घराकडे पाहत राहिली. मग मागे वळून तिने घरच्यांना झापायला सुरुवात केली. सिस्टरने मला सांगितलं की छपराचे कवेलू दोन ठिकाणी सरकले आहेत, पावसाळाभर गळत असणार, आणि हे कोणाला दिसलं कसं नाही, असं ती विचारत होती. घरचे म्हणाले, दिसत होतं. ती म्हणाली, मग मोतीबिंदू माझ्याच डोळ्यात होता का? आजोबा तिच्या मागे उभे राहून सगळ्यांचे डोळे चुकवत होते.

आम्ही रात्री तिथेच राहिलो. सकाळी सिस्टरने तिघांचे डोळे तपासले. एकाचाही टाका हलला नव्हता, लाली नव्हती. बोलका म्हातारा म्हणाला, हिसक्यांनी डोळा जागेवर नीट बसला. पुढच्या वेळीही हीच बोट पाठवा.

परतीला पेट्रोल उरलं नव्हतं. होतं ते साबणाचं. पण प्रवाह आमच्या बाजूचा होता आणि दगडांच्या अलीकडे काठाने पायवाट आहे हे गावकऱ्यांनी सांगितलं होतं, तिथे उतरून पुढे पायी जायचं होतं. रिकाम्या बोटीत आम्ही दोघंच. एका बाजूला मी, एका बाजूला ती, दोघांच्या हातात बांबू.

पहिलं वळण मागे पडल्यावर ती म्हणाली, "ऐका ना. पेट्रोल टाकीतून निघालं का मंग कुठी कुठी जाते?"

मी सांगितलं. टाकी, नळी, फुगा, पुढे एक गाळणी, मग वाटी, तिच्यातला तरंगता गोळा, जेट, तिथून हवेत मिसळून आत. ती मध्येच थांबवून विचारत होती, गोळा काऊन तरंगते, गाळणीत पाणी काऊन अडत नाई. मी सगळं सांगितलं. एवढा वेळ सलग माझं बोलणं तिने लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"मंग हे तुमी मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"तू कवा विचारलंच नाई."

 ती "हं" म्हणाली आणि बांबू पुन्हा पाण्यात टाकला.